घरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) ओव्हन आणि विजेच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओव्हन बिघडला म्हणून दुकानात न्यावा आणि तिथे तो व्यवस्थित चालावा, असं पुष्कळदा होतं. दोष ओव्हनमध्ये नसतोच. तो घरातल्या सॉकेटमध्ये, टॉपमध्ये (म्हणजे वायरच्या टोकाच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये) नाहीतर अर्थिंगमध्ये असतो. म्हणून खालच्या उत्तरांचा क्रम भिंतीकडून ओव्हनकडे जातो. कव्हर उघडायची वेळ अगदी शेवटी येते, आणि ते काम जाणकारानंच करावं.

ही माहिती कोणत्या ओव्हनला लागू आहे?

टेबलावर ठेवायच्या ओटीजीला. म्हणजे आत वर-खाली तापणारे रॉड आणि समोर तापमान, फंक्शन, टायमर असे तीन नॉब असलेला ओव्हन. तो साधारण ८०० ते २००० वॅटचा असतो. भिंतीत बसवलेल्या बिल्ट-इन ओव्हनलाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त त्याचं पॅनल बहुधा इलेक्ट्रॉनिक असतं.

मायक्रोवेव्हला यातलं काहीही लागू नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टॉप काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मायक्रोवेव्हचं कव्हर घरी उघडू नका.

तपासणीआधी बटण बंद केलं तर पुरेसं आहे ना?

नाही, टॉप सॉकेटमधून बाहेर काढा. जुन्या बोर्डांवर कधीकधी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) जोडलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद करूनही ओव्हनच्या आतपर्यंत वीज पोचलेली असते. टॉप हातात आला की शंकाच उरत नाही. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, पायात रबरी चप्पल घाला आणि ओट्यावरचं पाणी पुसून घ्या.

ओव्हन अजिबात सुरू होत नाही. सुरुवात कुठून करू?

टायमरपासून. बहुतेक ओटीजींमध्ये टायमर शून्यावर असला की रॉडला वीज जातच नाही. तापमान २०० वर आहे, फंक्शनही बरोबर आहे, पण टायमर फिरवलेला नाही म्हणून ओव्हन थंड, हे नव्या ओव्हनच्या बाबतीत वरचेवर होतं. टायमर वीस मिनिटांच्या पुढे फिरवा किंवा ‘स्टे ऑन’वर न्या आणि मग बघा.

त्यानंतर सॉकेट. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोबाईलचा चार्जर लावून सॉकेट तपासू नका. चार्जर इतका कमी करंट घेतो की सैल, काजळलेल्या सॉकेटमध्येही तो बिनतक्रार चालतो. सॉकेटची खरी परीक्षा होते ती जड उपकरणावर. इस्त्री लावा आणि पाच मिनिटं तापू द्या. ती तापली नाही, मधेच बंद पडली किंवा सॉकेटमधून चरचर आवाज आला, तर ओव्हनला दोष देण्याचं कारण नाही.

इस्त्री नीट चालली, तर ओव्हन दुसऱ्या खोलीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून बघा. तिथेही बंदच असेल तर दोष ओव्हनचा, त्याच्या वायरचा किंवा टॉपचा.

सॉकेटमध्ये टेस्टर लागतो, तरी ओव्हन चालत नाही. असं कसं?

टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. ओव्हन चालायला न्यूट्रलही लागतो आणि तो तुटला असेल तर टेस्टरला कळत नाही.

एक खूण मात्र टेस्टरवरही मिळते. बटण चालू असताना सॉकेटच्या खालच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर त्या लाईनचा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला आहे असं समजा. त्याच लाईनवर लावलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणातून फेज उलटा फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो. हे काम वायरमनचं. सांगताना ‘लाईट येत नाही’ म्हणू नका, ‘दोन्हीकडे टेस्टर लागतोय’ असं सांगा. त्याचा अर्धा शोध तिथेच संपतो.

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं, अशी आपल्याकडची पद्धत आहे. घर जुनं असेल तर हा क्रम एकदा तपासून घ्या.

घरात मल्टिमीटर आहे. ओव्हन न उघडता काय कळू शकेल?

खूप काही. टॉप सॉकेटमधून काढून हातात घ्या, टायमर ‘स्टे ऑन’वर, तापमान सर्वात वर, फंक्शन दोन्ही रॉडवर. आता तीन मापं घ्यायची.

पहिलं माप फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये, ओहमच्या रेंजवर. ओव्हन १२०० वॅटचा असेल तर ४४ ओहमच्या आसपास, १५०० वॅटचा असेल तर ३५, आणि २००० वॅटचा असेल तर २६ ओहमच्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. हिशेब सोपा आहे: २३० गुणिले २३०, भागिले वॅट. थंड रॉडचा आकडा थोडा कमी येतो, त्याची काळजी नको. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर वाटेत कुठेतरी तार तुटली आहे: वायर, टायमर, थर्मोस्टॅट (तापमानाच्या नॉबमागचा, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग), फंक्शनचा स्विच किंवा आतला थर्मल फ्यूज. आता मीटर तसंच लावून ठेवा आणि एकेक नॉब हळू फिरवा. एखाद्या जागी आकडा येतो आणि जातो, तर त्याच नॉबमागचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) खराब झाले आहेत. आकडा दोन-तीन ओहमवर आला तर आत शॉर्ट आहे. तो ओव्हन सॉकेटला लावूच नका.

दुसरं माप टॉपची जाड, लांब पिन आणि ओव्हनची बॉडी यांच्यात. रंग लावलेल्या पत्र्यावर मीटरची सुई टेकवून उपयोग नाही, मागच्या बाजूचा उघडा स्क्रू शोधा. आकडा एक ओहमच्या आत हवा. तो नसेल तर ओव्हनला अर्थिंगच नाही. अशा वेळी ओव्हन कितीही छान तापत असला तरी तो वापरू नका.

तिसरं माप जाड पिन आणि खालच्या दोन्ही पिना यांच्यात, आळीपाळीनं. इथे मीटरनं काहीच दाखवायला नको. आकडा दिसला तर वीज बॉडीकडे गळते आहे. पंधरा हजार ओहमच्या खाली आकडा गेला, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडण्याची दाट शक्यता असते. मल्टिमीटरला मात्र सगळीच गळती दिसत नाही, कारण त्याची बॅटरी जेमतेम काही व्होल्टची. खात्रीसाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो, तो चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे असतो.

डिजिटल डिस्प्लेच्या ओव्हनमध्ये रिले (विजेवर चालणारे आतले स्विच) उघडे असल्यामुळे पहिलं माप असं घेता येत नाही. दुसरं आणि तिसरं येतं, पण तिसऱ्यात रॉडची गळती लपून राहू शकते.

दिवा लागतो, पण ओव्हन तापत नाही.

फंक्शनचा नॉब आधी बघा. काही मॉडेलमध्ये एक जागा फक्त पंख्याची किंवा फक्त ग्रिलचा दांडा फिरवायची असते.

दिवा कशाला जोडलेला आहे हे मॉडेलवर अवलंबून असतं. काहींत तो टायमरच्या मागे असतो, काहींत थर्मोस्टॅटच्या मागे. त्यामुळे दिवा लागला म्हणजे रॉडपर्यंत वीज गेली असं नाही. फंक्शन बरोबर असेल तर रॉड तुटलेला, रॉडच्या टोकाचा लग (वायर जोडायची पितळी टोपी) जळालेला किंवा फंक्शन स्विचचे पॉइंट काळे पडलेले, या तिघांपैकी एक कारण सापडतं. यात लग जळणं सगळ्यात जास्त दिसतं. रॉडच्या टोकाला उष्णता, त्यात सैल जोड. पितळी लग काळा होतो, मग ठिसूळ होऊन तुटतो.

खालचा रॉड तापतो, वरचा नाही.

वरचा रॉड गेला असेल किंवा त्याची वायर सुटली असेल. चार रॉडच्या ओव्हनमध्ये वरचे दोन अनेकदा सिरीजमध्ये जोडलेले असतात, तेव्हा एक तुटला की दोन्ही बंद पडतात. दोन्ही बदलायची गरज नाही, पण ते बराच काळ वापरलेले असतील तर जोडी बदललेली बरी. नवा रॉड घेताना वॅट, लांबी आणि टोकांचा प्रकार जुळला पाहिजे. जुना रॉड सोबत घेऊन जा.

रॉड लालभडक दिसत नाही. खराब झाला का?

बहुधा नाही. सिरीजमधले किंवा कमी वॅटचे रॉड उजेडात लाल दिसत नाहीत, तरी पुरेसे तापतात. रात्री दिवा बंद करून बघा. काळजी वाटायला हवी ती एकाच जागी भडक चमकणाऱ्या ठिपक्याची. तिथे आतली नायक्रोमची तार बारीक झालेली असते आणि थोड्याच दिवसांत ती तुटते. रॉडच्या पृष्ठभागावर फोड आला असेल किंवा चीर दिसत असेल तर वापर थांबवा.

ओव्हन लावला की एमसीबी पडतो.

एमसीबी म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडून वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच. तो केव्हा पडतो हे सांगा, म्हणजे कारण सांगता येईल.

बटण दाबताक्षणी फटकन पडला तर शॉर्ट सर्किट. टॉप काढून बटण दाबा. तरीही पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. टॉप काढल्यावर पडत नसेल तर टॉपच्या आत बघा. तिथे एखादी सुटलेली तार शेजारच्या पिनेला चिकटलेली सापडते. टॉप ठीक असेल तर वायर ओव्हनमध्ये शिरते ती जागा तपासा. पत्र्याची कड तिथे इन्सुलेशन कापते. ओव्हन महिनोन्महिने बंद होता का, हेही आठवा. पॅनलमागच्या उबदार पोकळीत झुरळं घर करतात आणि उंदीर वायर कुरतडतात. तापवण्याआधी मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघणं शहाणपणाचं.

दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर बहुधा ओव्हरलोड. समजा एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर २००० वॅटचा गिझर, १५०० वॅटचा ओव्हन आणि १५०० वॅटची केटल आहे. मिळून ५००० वॅट, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. एमसीबी लगेच पडत नाही. आतली पट्टी तापते, वाकते आणि मग पडतो. उपाय म्हणजे उपकरणं एकामागून एक वापरणं किंवा ओव्हनसाठी वेगळी लाईन ओढणं.

यावर ‘३२ चा एमसीबी टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करायला असतो. १६ अँपिअरच्या सॉकेटला सहसा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. मोठा एमसीबी टाकला की पडायचं काम वायरवर येतं, आणि ती पडत नाही, पेटते.

एमसीबी नाही, आरसीसीबी पडतो. त्यातही पावसाळ्यातच!

आरसीसीबीला घरात पुष्कळजण अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो बघत असतो. फरक ३० मिलिअँपिअर होण्याआधीच घरगुती आरसीसीबी वीज तोडतो. म्हणजे ओव्हनमधून कुठूनतरी वीज बॉडीकडे जाते आहे.

पावसाळ्याचा संबंध थेट आहे. रॉडच्या स्टीलच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी कोरडी असली की उत्तम इन्सुलेटर, पण हवेतला ओलावा ती शोषून घेते. रॉडच्या टोकांचं सील जुनं झालं की जून-जुलैच्या दमट हवेत, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात, महिनाभर न वापरलेल्या ओव्हनचा रॉड ओला होतो आणि पहिल्याच वापरात आरसीसीबी पडतो. ओव्हन ओल्या फडक्यानं सढळ हातानं पुसला तरी हेच होतं.

असा रॉड बऱ्याचदा वाचतो. ओव्हन दार उघडून एक-दोन दिवस कडक उन्हात किंवा कोरड्या खोलीत ठेवा. मग फंक्शन फक्त वरच्या रॉडवर ठेवून लावा. पडला नाही तर दोष खालच्या रॉडमध्ये. तसाच वरच्या रॉडवर शंभर-सव्वाशे अंशांवर अर्धा-पाऊण तास चालवा; त्या उष्णतेनं खालचा वाळतो. वरच्या रॉडवर पडला तर हेच उलट करून बघा. हे करताना आरसीसीबी चालू असलाच पाहिजे, अर्थिंग जोडलेलं असलंच पाहिजे आणि ओव्हनला हात लावायचा नाही. दोनदा करूनही फरक पडला नाही तर रॉड बदला.

‘अर्थिंगची वायर काढून टाका, मग पडणार नाही’ हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. खरंच पडणार नाही. पण गळणारी वीज मग बॉडीवर वाट बघत थांबते आणि जमिनीवर उभा असलेला पहिला माणूस तिचा रस्ता होतो. एवढ्या स्पष्टपणे लिहितो आहे, कारण असे ओव्हन आजही घराघरांत चालू आहेत.

ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात.

ओव्हन लगेच बंद करा, टॉप काढा आणि कारण सापडेपर्यंत वापरू नका. हलक्या झिणझिण्या म्हणजे साधारण एक मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट. तो स्वतः मारत नाही, पण दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो: वीज गळते आहे आणि अर्थिंग काम करत नाही. अर्थिंग चांगलं असतं तर गळती तिकडे गेली असती, तुमच्या बोटांपर्यंत आली नसती.

आधी ओव्हनचं दुसरं माप घ्या. ते ठीक असेल तर सॉकेटचं अर्थिंग तपासा. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये चार-पाच व्होल्टच्या आत, असं दिसायला हवं. हे माप चुकलं तर अर्थिंग नक्की खराब. बरोबर आलं तरी ते भक्कम आहेच असं नाही, कारण मीटर नाममात्र करंट घेतं आणि एका तारेवर लटकणारं अर्थिंगही त्याला चांगलं भासतं. लोड देऊन केलेली तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा. एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. जुन्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायची पद्धत त्यासाठीच आहे.

आमच्या जुन्या इमारतीत अर्थिंगच नाही. टू-पिन अडॅप्टर लावला तर?

अडॅप्टरनं टॉप बसतो, अर्थिंग येत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या टर्मिनलला जोडणं. ओव्हन चालतो, टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी ओव्हनच्या पूर्ण बॉडीवर २३० व्होल्ट येतात. सॉकेट उघडल्यावर असा तुकडा दिसला तर तो काढून घ्या.

मीटरपाशी अर्थ उपलब्ध असेल तर तिथून स्वयंपाकघरापर्यंत हिरवी वायर ओढून घ्या. चाळीत किंवा भाड्याच्या घरात हे खर्चिक वाटतं, मालकाशी बोलावं लागतं, तरी ओव्हनआधी ते करा. तोवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं. पण तो अर्थिंगची जागा घेत नाही.

टॉप गरम होतो, जळका वास येतो.

गरम टॉप हा ओव्हनचा दोष सहसा नसतो. २००० वॅटचा ओव्हन ८.७ अँपिअर घेतो. सॉकेटची पकड सैल होऊन तिथे अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी त्या एका जोडावर जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री सॉकेटच्या आत चालू ठेवल्यासारखंच ते आहे. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळतं.

टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर काजळलेली जुनी पितळी पट्टी नव्या पिनेलाही तसंच खराब करते. टॉप १६ अँपिअरचा, आयएसआय खुणेचा घ्या. वायर जोडताना तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी जाड पिनेला. तारेचे सगळे पदर पिळून स्क्रूखाली गेले पाहिजेत. वायरचा जळून काळा झालेला भाग कापून टाका. तांबं काळं पडलं असेल तर स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत कापा.

एक्स्टेंशन बोर्डवर ओव्हन चालेल का?

दुकानात मिळणारे साधे बोर्ड ६ अँपिअरचे असतात आणि १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर घेतो. नाही चालणार. सोळाचा टॉप सहामध्ये बसवणारे कन्व्हर्टरही नकोत.

पूर्वी पाऊण तासात होणारा केक आता सव्वा तास घेतो.

संध्याकाळी असं होतं आणि दुपारी नाही, तर व्होल्टेज मोजा. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा ओव्हन २०० व्होल्टला ११३० वॅटच देतो आणि १८० व्होल्टला ९२० च्या आसपास. मोटरपंप सुरू असलेल्या गावात संध्याकाळी केक बसतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. भार कमी असेल तेव्हा भाजा आणि आधी जास्त वेळ तापवून घ्या.

व्होल्टेज ठीक असेल तर एक रॉड बंद आहे का किंवा दाराची पकड सैल झाली आहे का, ते बघा.

ओव्हन भाजताना मधेच बंद होतो आणि परत सुरू होतो.

तो थर्मोस्टॅटचा स्वभावच आहे. ठरवलेलं तापमान आलं की टक् आवाज होतो, दिवा आणि रॉड बंद होतात; थंड झालं की पुन्हा टक्. यात काही बिघडलेलं नाही.

उलट घडलं तर मात्र दखल घ्या. नॉब १०० वर असूनही रॉड बंदच होत नाहीत आणि नानकटाई खालून करपते, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट ठिणगीनं एकमेकांना चिकटले आहेत. पॉलिश पेपरनं घासून ते काही दिवस चालतात आणि पुन्हा चिकटतात. थर्मोस्टॅट बदला, आणि तोवर ओव्हनपासून हलू नका.

काही ओव्हनमध्ये जादा तापल्यावर एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो. तो उडाला तर आधी का उडाला ते शोधायचं, मग तेवढ्याच तापमानाचा नवा बसवायचा. त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडणं म्हणजे शेवटची सुरक्षाही काढून टाकणं.

टायमर अडकतो किंवा घंटी वाजूनही ओव्हन चालूच राहतो.

चावीचा टायमर थोड्या वेळासाठी लावताना आधी वीसच्या पुढे न्यावा आणि मग मागे आणावा. घंटी वाजूनही रॉड चालू असतील तर आतले पॉइंट चिकटले आहेत. टायमर बदलावा लागेल. तोवर बाहेर जाताना ओव्हन त्याच्या भरवशावर ठेवू नका.

आतला बल्ब गेला. घरातला एलईडी लावू?

नको. आतल्या उष्णतेत एलईडी टिकत नाही, वितळतो. ३०० अंश सोसणारा ओव्हनचा बल्ब वेगळा मिळतो.

इन्व्हर्टरवर ओव्हन चालेल?

घरगुती ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर नाही. ओव्हनचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर ते वेगळं करून घ्या.

अमेरिकेहून मुलानं ओव्हन आणला आहे. टॉप बदलून लावू?

अजिबात नाही. तिकडचा टेबलावरचा ओव्हन १२० व्होल्टचा असतो. १५०० वॅटच्या अशा ओव्हनचा रॉड ९.६ ओहमचा असतो. त्याला २३० व्होल्ट दिले तर २४ अँपिअर ओढेल आणि साडेपाच हजार वॅट उष्णता करेल. एमसीबी पडला नाही तर काही क्षणांत रॉड जाईल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो किमान २००० व्हीएचा हवा. तेवढ्या किमतीचा आणि वजनाचा विचार केला तर इथलाच ओव्हन घ्या.

दुबई, मस्कत किंवा लंडनहून आणलेला ओव्हन आपल्याकडे चालतो. त्याच्या चौकोनी पिनांच्या टॉपमध्ये १३ अँपिअरचा छोटा फ्यूज असतो; ओव्हन मेलेला वाटला तर आधी तो बघा. टॉप बदलायचा असेल तर १६ अँपिअरचा लावा.

एकदम सगळे दिवे भडक झाले आणि ओव्हनही गेला.

बाहेर न्यूट्रल तुटल्याची ही लक्षणं. तीन फेजमधला न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं आणि काहींत दिवे मिणमिणतात. मेन स्विच ताबडतोब बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि वीज कंपनीला कळवा. महावितरणसाठी १९१२ हा क्रमांक आहे. नंतर ओव्हन लावण्याआधी वरची तिन्ही मापं घ्या.

नवा ओव्हन पहिल्यांदा लावला तर धूर आला.

रॉडवरचं संरक्षक तेल जळतं. खिडक्या उघडून रिकामा ओव्हन पंधरा-वीस मिनिटं चालवा. प्लास्टिक जळल्यासारखा वास आला किंवा धूर पॅनलच्या बाजूनं निघाला, तर बंद करून परत करा.

दुरुस्तीला देताना काय सांगू आणि परत घेताना काय बघू?

मापं लिहून द्या: पिनांमधला ओहमचा आकडा, कोणत्या फंक्शनला काय होतं, एमसीबी पडतो की आरसीसीबी. वायर बदलावी लागली तर ग्लास-फायबरची किंवा सिलिकॉनची उष्णतारोधक वायर घालायला सांगा. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच टिकते आणि ओव्हनच्या भिंतीपाशी ती महिन्याभरात कडक होऊन तडकते. जोड लग दाबून केलेले हवेत, सोल्डर केलेले नकोत. सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं.

रॉड, थर्मोस्टॅट, टायमर हे सुटे भाग सहज मिळतात, तेव्हा त्यांपैकी एक गेला म्हणून ओव्हन टाकून देऊ नका. पत्रा आतून गंजून भोकं पडली असतील किंवा बऱ्याच वायरी एकदम जळल्या असतील तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

ओव्हन परत घेताना तो तापवून बघतोच आपण. त्याबरोबर टॉपची जाड पिन आणि मागचा स्क्रू यांच्यात मीटरची बीप वाजते का, हे दुकानातच बघा आणि मग पैसे द्या. कव्हर बसवताना हिरवी वायर जोडायची राहिली, तरी ओव्हन उत्तम चालतो आणि त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.